चौथऱ्यावर चौथरा: ब्राम्स की चायकोव्हस्की?

पत्र

माझं वय ४१. घरात पहिल्यापासून आपलं शास्त्रीय गाणं. दोन वर्षांपासून आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा जमून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने ब्राम्स आणि चायकोव्हस्की या दोन रचनाकारांतला एक निवडायचा आणि तोच का ते सांगायचं, असं ठरलंय. चायकोव्हस्की मला पहिल्याच ऐकण्यात आवडला. ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकटं व्हायोलिन आणि समोर वाद्यवृंद अशी रचना) स्वयंपाक करताना फोनवर तीनदा लावला. दर वेळी वाटलं, आता काहीतरी सुरू होईल, आणि तेवढ्यात संपलाच. गटातले एक काका म्हणतात, "चायकोव्हस्की नवशिक्यांचा. कान तयार झाला की माणूस ब्राम्सकडे जातो." मग मी खोटंच ब्राम्स म्हणू का? हातात तीन आठवडे आहेत.

(एक वाचक, ठाणे)

उत्तर

खोटं अजिबात बोलू नका. "आता काहीतरी सुरू होईल" ही तुमची तक्रार तर मोठ्या माणसाची आहे. १८८० साली खुद्द चायकोव्हस्कीने ब्राम्सच्या याच कॉन्चेर्तोबद्दल हेच लिहिलं होतं. पत्र होतं नादेझ्दा फॉन मेक यांना, म्हणजे त्याला दरसाल ६,००० रूबल पाठवणाऱ्या आणि ठरवून कधीच समोरासमोर न बोललेल्या त्याच्या आश्रयदातीला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की खांब उभा करायला चौथरा सुरेख बांधलाय, पण खांब काही येत नाही. एक चौथरा संपला की पुढे दुसरा चौथरा. काकांना हे जरूर सांगा. चायकोव्हस्कीचा कान तयार नव्हता असं ते म्हणणार नाहीत.

आता तुमची चूक. ती आवडीत नाही, ऐकण्याच्या रीतीत आहे. फोनच्या स्पीकरवर ही तुलना निकाल लागल्यातच जमा. पटत नसेल तर त्याच फोनवर तानपुरा लावून बघा. जोडीच्या तारा ऐकू येतील, खर्ज गेलेला असेल. साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तो इवलासा स्पीकर जवळजवळ मुका होतो. चेलोची सगळ्यांत खालची तार ६५ हर्ट्झवर बोलते, डबल बासची सुमारे ४१ वर. व्हायोलिनची जी तार तुम्हाला 'खालची' वाटते तीही १९६ वर. चायकोव्हस्की आपली चाल बहुधा वर ठेवतो, व्हायोलिनच्या उंच तारांवर, बासरीत, ट्रम्पेटमध्ये. ती फोनमधून आणि कुकरच्या शिट्टीतूनही पोचते. ब्राम्सचा जीव मधल्या आणि खालच्या सप्तकात असतो. या कॉन्चेर्तोची पहिलीच चाल बासून (खालच्या सप्तकातलं फुंकवाद्य), व्हिओला आणि चेलो मिळून वाजवतात. तुम्ही ब्राम्स तीनदा ऐकलात खरा, पण खर्ज काढून.

म्हणून पहिलं काम: कानात घट्ट बसणारे इअरफोन किंवा कान झाकणारे हेडफोन. 'घट्ट' महत्त्वाचं, कारण फट राहिली की खालचे स्वर सगळ्यांत आधी गळतात. अ‍ॅपमध्ये शफल बंद, आपोआप पुढचं गाणं लावणं बंद. दोन गाणी एकमेकांत मिसळवण्याची सोय असेल तर ती शून्यावर. 'सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा' हा पर्याय बंद करा, किंवा ट्रॅकऐवजी अल्बमवर लावा. तो ट्रॅकनुसार चालला तर संथ भाग फुगवून मोठा करतो आणि जोरकस भाग दाबतो, म्हणजे रचनाकाराने योजलेला चढउतार सपाट होतो. बास वाढवणारे इक्वलायझर वगैरेही नकोत. फोनने कापलेला ब्राम्स त्यांनी परत येत नाही, नुसता घुमतो.

शोधतानाही चूक होते. नुसतं नाव टाकलं की 'शांत झोपेसाठी' छापाच्या यादीतला चार मिनिटांचा तुकडा हाती येतो. ब्राम्ससाठी ऑपस (म्हणजे रचनाक्रमांक) ७७ आणि चायकोव्हस्कीसाठी ऑपस ३५ असं शोधा. अल्बममध्ये तिन्ही भाग आहेत ना, एकच वादक आणि एकच वाद्यवृंद आहे ना, ते पाहा. बहुतेक ध्वनिमुद्रणांत ब्राम्स ३८ ते ४० मिनिटांचा, चायकोव्हस्की ३३ ते ३६ मिनिटांचा.

तुलनेला व्हायोलिन कॉन्चेर्तोच का, तर अशी बरोबरीची जोडी दुसरी मिळणार नाही. दोन्ही १८७८ सालचे. दोन्ही डी मेजरमध्ये, कारण या पट्टीत व्हायोलिनच्या मोकळ्या तारा आपसूक गुंजतात. दोन्ही तळ्याकाठी लिहिलेले: चायकोव्हस्कीने वसंतात स्वित्झर्लंडमधल्या क्लारांस इथे, ब्राम्सने उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या पोर्टशाख इथे. दोघांचा जन्मदिवसही एकच, ७ मे. ब्राम्स १८३३ चा, चायकोव्हस्की १८४० चा. (जन्मदिवसाच्या योगायोगातून काही निष्पन्न होत नाही, पण बैठकीत पहिलं वाक्य म्हणून बरा आहे.)

वादक, संचालक आणि वाद्यवृंद तेच ठेवायचे असतील तर याशा हायफेट्झ, फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांची ध्वनिमुद्रणं घ्या. ब्राम्स १९५५ चा, चायकोव्हस्की १९५७ चा. दोन इशारे. हायफेट्झ भलताच वेगात जातो, आणि चायकोव्हस्कीच्या शेवटच्या भागात जुन्या प्रथेप्रमाणे काही ओळी गाळतो. दुसरं, व्हायोलिन मायक्रोफोनला इतकं जवळ आहे की वाद्यवृंद मागे साथीला बसल्यासारखा वाटतो. चायकोव्हस्कीला त्याने फरक पडत नाही, ब्राम्सला पडतो. म्हणून दुसऱ्या फेरीला डेव्हिड ओइस्त्राख घ्या: ब्राम्स ओटो क्लेम्पररबरोबर, चायकोव्हस्की यूजीन ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर. तिथे वाद्यवृंद आणि व्हायोलिन समोरासमोर बसलेले ऐकू येतात.

पहिल्या आठवड्यात एवढंच, दोन्ही कॉन्चेर्तो. एका दिवशी एकच आणि पूर्ण. ऐकताना हाताला काम नको. मिनिटं ध्वनिमुद्रणानुसार मागेपुढे होतात, म्हणून घड्याळापेक्षा घटना लक्षात ठेवा.

चायकोव्हस्की सोपा. वाद्यवृंदाची प्रस्तावना मिनिटभराचीसुद्धा नाही. व्हायोलिन येतं, आळस दिल्यासारखी एक छोटी तान घेतं आणि लगेच मुख्य चाल मांडतं. सव्वा मिनिटात मुखडा तुमच्या हातात. मग तीच चाल नटवत, एकेक पायरी वर चढवत, पहिल्या भागाच्या मध्याच्या जरा आधी सगळा वाद्यवृंद ती छाती काढून वाजवतो. तो क्षण तुम्हाला आधीच आवडला असणार. पुढच्या वेळी तिथे थांबा आणि विचारा: चाल बदलली का? नाही. कपडे बदलले. चायकोव्हस्कीची हीच रीत: चाल पुरी घडवून देतो, मग तिला वेगवेगळ्या उजेडात उभी करतो. दोन चालींमधला सांधा दिसतो, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं आणि पत्रांतून त्याने ते कबूलही केलंय.

ब्राम्समध्ये वाद्यवृंद ८९ आवर्तनं (त्यांच्या भाषेत 'बार'), म्हणजे सुमारे अडीच मिनिटं, एकटाच वाजवतो. ९० व्या आवर्तनाला व्हायोलिन येतं. तुम्हाला वाटतं, आता चाल. ती येत नाही. व्हायोलिन डी मायनरमध्ये (मेजरपेक्षा काळोख्या छटेची पट्टी), चिडल्यासारखं, वरखाली झेपावत राहतं. ती मूळ शांत चाल त्याच्या तोंडी येते १३६ व्या आवर्तनाला, जवळजवळ चार मिनिटांनी. तुमचा धीर इथेच सुटतो आणि चायकोव्हस्कीचाही सुटला. तर या वेळी व्हायोलिनची वाट पाहू नका. सुरुवातीला चेलो आणि बासून जे तीनचार स्वर चढउतार करतात तेवढेच पकडा, गुणगुणता येईपर्यंत पहिलं मिनिट तीनदा लावा. मग पुढे सरका. तेच स्वर आता साथीत सापडतील, नंतर उलटे, मग मोडून दोनाचे तुकडे झालेले. राग मांडताना दोन स्वरांची संगती आधी येते, तिची बढत होते आणि बंदिश मागाहून. तो धीर तुमच्या कानाला आहेच. फक्त हे सारं आधी लिहून काढलेलं आहे, पुढे येणारी एक जागा सोडली तर वादकाच्या मर्जीवर एकही स्वर नाही, हे विसरू नका. उपमा इथवरच ताणा.

खांब कुठे आहे म्हणाल तर सांगतो. पहिल्या भागाच्या शेवटाकडे वाद्यवृंद थांबतो आणि व्हायोलिन एकटं दोनतीन मिनिटं वाजवतं. त्याला कादेन्झा म्हणतात. ब्राम्सने ती जागा मोकळी सोडली होती. ती भरली त्याचा मित्र, व्हायोलिनवादक योझेफ योआखिम याने. बहुतेक वादक आजही योआखिमचीच कादेन्झा घेतात, काहीजण आपली वाजवतात. ती संपते तिथे ध्वनीचा जोर वाढायला हवा असं सगळे धरून चालतात. ब्राम्स उलट करतो. वाद्यवृंद कुजबुजत परत येतो आणि व्हायोलिन पहिली चाल फार उंचावर, अगदी हळू, कोणतीही घाई न करता वाजवतं. वीस मिनिटं झगडून मिळालेली ही मिनिट-दीड मिनिटाची स्वस्थता. नुसता तेवढा तुकडा काढून लावलात तर तो 'छान' वाटतो, बस. आधीचं सगळं ऐकून तिथे पोचलात तर काय होतं ते तुम्हीच पाहा.

मधला संथ भाग ही तर निवडीची खरी कसोटी. चायकोव्हस्कीचा 'कान्झोनेत्ता', जी मायनर, सहासात मिनिटं. व्हायोलिनच्या घोडीवर म्यूट चढवलेला, त्यामुळे आवाज जरा पडद्याआडून आल्यासारखा. चाल गायला घ्यावी अशी. शेवटी स्वर विरत जातो आणि मध्ये जराही न थांबता तिसरा भाग अंगावर येतो. (अ‍ॅपने दोन ट्रॅकमध्ये फट टाकली की हाच धक्का वाया जातो. सेटिंगची एवढी कटकट का, ते आता कळलं असेल.) ब्राम्सच्या संथ भागात सुरुवातीला तंतुवाद्यं गप्प बसतात. फक्त फुंकवाद्यं, आणि चाल ओबोच्या (सनईच्या जातीच्या वाद्याच्या) हाती, दोनएक मिनिटं. ज्याच्यासाठी कॉन्चेर्तो तो वादक व्हायोलिन धरून नुसता उभा. थोर व्हायोलिनवादक साराझातेने हे वाजवायला नकार दिला, ओबो चाल वाजवत असताना आपण का उभं राहायचं म्हणून, असं सांगतात. व्हायोलिन आल्यावरही ती चाल जशीच्या तशी कधी घेत नाही. तिच्याभोवती नक्षी काढत राहतं. इथे मूळ चाल मनात धरून नक्षी ऐकायची असते. ओबो नीट ऐकला नाही तर पुढचं सगळं निराधार वाटतं, आणि स्वयंपाकघरात नेमका तोच निसटतो.

तिसरे भाग दोन्ही नाचरे. ब्राम्सचा हंगेरियन ढंगाचा, कारण योआखिम हंगेरीत जन्मलेला. चायकोव्हस्कीचा रशियन. इथे कोण सरस यावर वेळ घालवू नका, दोन्ही मस्त आहेत.

'नवशिक्यांचा' हा शेरा कुठून आला तेही बघा. चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्तो ज्याला अर्पण करायचा होता त्या व्हायोलिनवादक लेओपोल्ड आउअरने तो वाजवायचं टाळलं. शेवटी ४ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नात अडोल्फ ब्रोड्स्कीने वाजवला. तिथला सर्वांत वजनदार समीक्षक एदुआर्द हान्सलिक, ब्राम्सचा मित्र आणि पाठीराखा. त्याने लिहिलं ते असं, की कानाला दुर्गंधी येईल असंही संगीत असू शकतं ही भयंकर शक्यता या रचनेमुळे मनात येते. चायकोव्हस्कीला ते परीक्षण जन्मभर पाठ होतं म्हणतात. तिकडे ब्राम्सचा कॉन्चेर्तोही काही सुखाने नांदला नाही. तो व्हायोलिनसाठी नसून व्हायोलिनविरुद्ध लिहिलाय, अशी टर तेव्हाच उडाली. आज दोन्ही कॉन्चेर्तो प्रत्येक मोठ्या वादकाच्या पोतडीत असतात. गटबाजी विरली, शेरे मात्र बैठकीतल्या काकांपर्यंत पोचले.

दुसऱ्या आठवड्यात सिम्फनी, म्हणजे एकट्या वादकाशिवाय सगळ्या वाद्यवृंदासाठीची रचना. इथेही बरोबरीची जोडी आहे, दोन्ही ई मायनर: ब्राम्सची चौथी (१८८५) आणि चायकोव्हस्कीची पाचवी (१८८८). ब्राम्ससाठी कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक, चायकोव्हस्कीसाठी येवगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मोनिक, १९६० चं ध्वनिमुद्रण. दोन्हीकडे एकच संचालक हवा असेल तर आपल्या मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता आहे: ब्राम्सच्या चारही सिम्फनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर, चायकोव्हस्कीच्या लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर.

पाचवीत एक सूचक चाल सुरुवातीलाच येते, क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांत, जड पावलांनी. ती चारही भागांत परतते. दुसऱ्या भागात फ्रेंच हॉर्नची लांब, सुंदर चाल रंगात आली असताना ती दोनदा दार ठोठावल्यासारखी मध्ये घुसते. चौथ्या भागात तीच मेजरमध्ये, मिरवणुकीसारखी. शेवटाच्या जरा आधी एक प्रचंड स्वरसंघात वाजून सगळं थांबतं. तो शेवट नाही! नवखे श्रोते जगभर तिथे टाळ्या वाजवतात.

ब्राम्सच्या चौथीचा शेवटचा भाग मात्र तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन ऐका. तुमच्या आवर्तन मोजण्याच्या सवयीला याहून चांगलं काम पाश्चात्त्य संगीतात सहज मिळणार नाही. आठ आवर्तनांची एक ओळ, दर आवर्तनाला एक मुख्य स्वर. मूळ कल्पना बाखच्या एका कँटाटातली, म्हणजे गायनरचनेतली. ही ओळ फुंकवाद्यं आणि ट्रॉम्बोन मांडतात. ट्रॉम्बोनवाले आधीचे तिन्ही भाग हात बांधून बसलेले असतात, खास या ओळीसाठी राखलेले. मग त्याच आठ स्वरांवर ३० वेळा नवी इमारत, शेवटी समारोप. प्रत्येक आवर्तन तीन मात्रांचं, म्हणजे २४ मात्रांनी सम. दर समेला एक रेघ ओढा.

मोजणी बहुतेकांची बाराव्या फेरीला चुकते, तिचं कारण आहे. तिथे बासरी एकटी वाजू लागते आणि प्रत्येक आवर्तन दुप्पट लांब होतं. आठाचा हिशोब तोच, लय मात्र निम्मी. १३ ते १५ या फेऱ्याही तशाच संथ, मेजरमध्ये, आणि चौदावीत ट्रॉम्बोन प्रार्थनेसारखे वाजतात. सोळावीला मूळ ओळ पहिल्या वेगाने, जोरात कोसळते. तिथे मोजणी पुन्हा जुळवून घ्या. २९-३० रेघांपर्यंत पोचलात तर उत्तम. २५ आल्या तरी काही बिघडत नाही, ओळ कानात बसल्याशी मतलब. आणि शेवट ऐका: मायनरमध्येच, कसलाही दिलासा न देता.

'ब्राम्स म्हणजे डोकं, चायकोव्हस्की म्हणजे हृदय' हे वाक्य बैठकीत कुणीतरी म्हणणारच. तेव्हा याच दोन शेवटांकडे बोट दाखवा. भावनेचा म्हणवला जाणारा गडी मिरवणूक काढून विजयात संपवतो आणि डोक्याचा म्हणवला जाणारा अंधारात सोडून जातो. गंमत म्हणजे ब्राम्सने ती पाचवी ऐकली होती. मार्च १८८९ मध्ये चायकोव्हस्की हॅम्बुर्गला ती बसवत होता. तालीम ऐकता यावी म्हणून ब्राम्स तिथे एक दिवस जास्त राहिला. बाकी सिम्फनी आवडली, शेवटचा भाग नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. त्याआधी १८८८ च्या १ जानेवारीला दोघांची पहिली भेट लाइप्झिगमध्ये झाली होती, आणि तीही कुणाच्या घरी, तर ब्रोड्स्कीच्या, म्हणजे व्हिएन्नात तो बदनाम कॉन्चेर्तो वाजवणाऱ्याच्याच. माणूस म्हणून ब्राम्स चायकोव्हस्कीला आवडला. संगीत नाही ते नाहीच. एवढ्या मोठ्या माणसाला ही सवलत होती तर तुम्हालाही आहे.

'नवशिक्यांचा' याला उत्तर हवं असेल तर सहाव्या सिम्फनीचा (१८९३) शेवटचा भाग पुढे करा. सुरुवातीची ती रडवणारी उतरती चाल व्हायोलिनच्या कोणत्याही एका गटाकडे लिहिलेलीच नाही. पहिल्या गटाला एक स्वर, दुसऱ्याला पुढचा, परत पहिल्याला. सुटे वाजवले तर दोन्ही गटांचं वाजवणं वेडंवाकडं. चाल तयार होते ती तुमच्या कानात. जुन्या पद्धतीने हे दोन गट मंचाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला बसत, म्राविन्स्कीही तसेच बसवायचा. हेडफोनमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणात स्वर डावीउजवीकडे सरकताना पकडायचा प्रयत्न करा. त्याच सिम्फनीचा दुसरा भाग वॉल्ट्झसारखा डुलतो, पण पाच मात्रांत, २ आणि ३. झपतालाचा अर्धा भाग हातावर मोजा, चपखल बसेल. ब्राम्सची लयीची खोडी वेगळी: दादऱ्यासारख्या ३-३ च्या सहा मात्रा चालू असताना तो गुपचूप २-२-२ करतो. व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या पहिल्या भागात मात्रा हातावर धरून बसा, हात चुकल्यासारखा वाटेल. हात चुकलेला नसतो.

सहावी लावताना आवाजाची काळजी घ्या. पहिल्या भागात एके ठिकाणी ध्वनी इतका हळू लिहिलाय की मंदतेची सहा अक्षरं ओळीने दिली आहेत. ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि दुसऱ्या क्षणी सगळा वाद्यवृंद कडाडतो. आवाज तिसऱ्या भागाच्या, त्या घोडदौडीच्या, अखेरीवर बेतून घ्या आणि मग हात लावू नका. आणि 'पाथेटिक' या नावाचा अर्थ केविलवाणी असा करू नका. रशियन शब्दात भावोत्कटता आहे.

तिसरा आठवडा मोकळा ठेवा. आतापर्यंत ऐकलेलं परत लावायची इच्छा कुणाकडे जाते ते पाहा, बस. फार तर प्रत्येकाचं असं एक ऐका जिथे दुसऱ्याचं काही चालत नाही. ब्राम्सचं क्लॅरिनेट क्विंटेट, ऑपस ११५: पाचच वाद्यं, मावळतीचा उजेड. ब्राम्सने ऑपेरा किंवा बॅले लिहिलाच नाही, त्यामुळे चायकोव्हस्कीची बॅले 'स्लीपिंग ब्यूटी' समोर ठेवली की त्याच्याकडे उत्तर नाही. मुंबई जवळ आहे तर एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामाचा कार्यक्रम बघून ठेवा. या दोघांपैकी कुणी असेल तर तिकीट काढाच. डबल बास सभागृहात पायांना कळतो. टाळ्या मात्र सगळे भाग संपल्यावर, आणि सहावीच्या तिसऱ्या भागानंतर तर हात घट्ट धरून बसा.

तुमचं पत्र वाचून आमचा अंदाज: तीन आठवड्यांनी तुम्ही चायकोव्हस्कीच म्हणाल. खुशाल म्हणा. आम्हाला विचाराल तर व्हायोलिन कॉन्चेर्तोत आणि चौथ्या सिम्फनीत आमचा कौल ब्राम्सला, रंगमंचाच्या संगीतात चायकोव्हस्कीला, आणि सहावीचा शेवटचा भाग लागला की आधीचा कौल जरा डळमळतो. पण आमच्या कौलावर बोलू नका. बैठकीत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं आली तर त्यांतली सहा-सात कान्झोनेत्ताला द्या, आणि तो संपून तिसऱ्या भागाची झडप बसली की तीस सेकंदांनी बंद करा. उरलेल्या वेळात ब्राम्सची कादेन्झा संपते तिथपासून पहिल्या भागाच्या अखेरपर्यंत लावा, काकांसाठी. दोन्ही जागा आदल्या रात्री शोधून मिनिट-सेकंद लिहून ठेवा, फोन विमान मोडवर टाका, आणि स्पीकरला जोडायची वायर घरूनच न्या.